बसल्याजागी तडकला

मंगळवार, रात्र

खलाच्या काठापासून खाली चार बोटं उभी तडक. पडला नाही, कोणी आपटला नाही. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत फळीवर नुसता ठेवलेला. कोणी आपटला असता तर निदान चार शब्द सुनावता आले असते.

खल कसला, दुसऱ्या महायुद्धातल्या पंचवीस पौंडी तोफेचं रिकामं काडतूस ते. खालचं वीतभर कापलेलं, बुडाचं भोक पितळी बोल्टानं बुजवून डाक (वितळलेल्या धातूचा सांधा) दिलेला, अन् काठ थंडाच ठोकून बाहेर वळवलेला. तिथंच पाणी मुरलं.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. साच्यातून ओढून ओढून ते लांबवतात, त्याचा ताण धातूत राहून जातो. काठ ठोकला की आणखी भर. एवढ्यानं तडकत नाही. पण गोठ्यातल्या मुतातून अमोनिया उठतो, पावसाळ्यात भांड्यावर ओल धरते, मग पितळ आतून उकलतं. इंग्रजी फौजेची काडतुसं हिंदुस्थानात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली की पावसाळ्यात अशीच तडकायची. कारण उलगडलं १९२१ मध्ये. म्हणजे आमच्या खलानं खानदानी दुखणंच काढलं.

तरी मन मानत नाही. इतकी वर्षं लसूण-मिरची सोसली, अन् बसल्याजागी उकलला.

ताण काढायचा तर २५० ते ३०० अंशांवर तासभर तापवायचं. अंदाज असा: बाहेरून कथलाची काडी टेकवली तर वितळावी (२३२), शिशाची वितळू नये (३२७). पण शिसं-कथलाचा डाक त्याआधीच सुटतो, बोल्ट हातात येतो. शिवाय पडलेली तडक यानं सांधत नाही. चांदीचा डाक द्यावा तर पितळ लाल होईस्तोवर तापतं, नरम पडतं, मग बत्त्यानं बूड बसणार. अन् बुडाशी शिसं असलेल्या भांड्यात आपण चटणी कुटत होतो... जाऊ दे.

मोडीत द्यायला आई तयार नाही. राहू दे, सराटे उभे ठेवायला बरा.

याच जोडीचा दुसरा आत्याकडं आहे, म्हशींच्या गोठ्यातल्या कोनाड्यात. उद्या फोन करून सांगते, तो आधी घरात आण. म्हशीच्या मुतानं तोफेचं काडतूस फुटतं म्हटल्यावर हसेल. हसू दे.