निरोपानंतरचं तिसरं वर्ष

परदेशी मिशनरी सेवेला निघालेल्या कुटुंबाच्या निरोपाला मंडळी, म्हणजे आपलं चर्च, भरून जाते. हार, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, फोटो. तिसऱ्या वर्षी मासिक प्रार्थनेत त्यांचं नावही निघत नाही. जबाबदारी 'सगळ्यांची' ठेवली की असंच होतं. म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीनं निरोपाआधीच दोन नावं ठरावात लिहावीत: एक पैशासाठी, एक बोलण्यासाठी. पाळकांचं नाव नको, त्यांची बदली होते.

पैसा थोडा चालेल, पण ठरलेल्या तारखेला जावा. नाताळात एकदम चोवीस हजार देण्यापेक्षा दरमहा दोन हजार बरे, कारण तिथलं घरभाडं दरमहा द्यावं लागतं. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यावर हे काम टांगू नका. रुपया घसरला की तिकडे हातात कमी पडतं, तेव्हा रकमेचा दरवर्षी फेरविचार हवाच. ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च करण्यावर आयकराची बंधनं आहेत; पाठवण्याआधी सीएला विचारा. पाठबळाविना सेवा किती अवघड, हे आपण कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. १८५२ साली इथं आलेल्या वाइल्डर या अमेरिकन मिशनरी दांपत्यानं पुढे काही वर्षं कुठल्याही बोर्डाविना, म्हणजे पाठवणाऱ्या मिशन संस्थेविना, काम रेटलं. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डानं ते हाती घेतलं.

फोनची वेळ त्यांच्या सोयीची असावी. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे नैरोबीत संध्याकाळचे सहा. 'किती बाप्तिस्मे झाले?' हा पहिला प्रश्न नको. झोप लागते का, मुलं शाळेत रुळली का, हे आधी. जिथं प्रचारावर बंदी आहे तिथलं पत्र, नाव, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूच नका. एकदा फॉरवर्ड झालं की परत घेता येत नाही.

पार्सलमध्ये कांदा-लसूण चटणी जाणारच. तिला तेल सुटतं आणि किलोची पिशवी वाटेत फुटते. पाव किलोच्या चार पिशव्या करा, प्रत्येक सील करून दुसऱ्या पिशवीत घाला, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. वर इंग्रजीत घटक लिहा आणि त्या देशात काय चालतं ते आधी बघा.

सगळ्यात मोठी मदत मात्र इथंच करायची असते: त्यांच्या आईवडिलांची. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला, बीपीच्या गोळ्या, रात्री दवाखान्यात सोबत कोण, हे आधीच ठरलेलं हवं. एका परतीच्या तिकिटाची रक्कम वेगळी ठेवा. वडील गेल्याचा फोन आल्यावर वर्गणी काढायला वेळ नसतो.

रजेवर आले की पहिले पंधरा दिवस उपदेश मागू नका. प्रत्येक मंडळी 'एकच रविवार' म्हणते आणि रजा संपते. गॅस जोडलेली खोली तयार ठेवा. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरतील तेव्हा ठरावातली ती दोन माणसं स्टेशनवर असावीत.