असरची सावली
१५ मे, मुंबई

आज दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास सूर्य मुंबईच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावलीच उरत नाही. असं वर्षातून दोनदाच होतं, आता आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेची, वेळ समजून घ्यायला असा दिवस दुसरा नाही. गच्चीवर मीटरभर काठी सरळ उभी करावी. शाफई आणि हनफी हे सुन्नी मुसलमानांचे दोन मजहब, म्हणजे धर्मनियमांचे पंथ. सावली मीटरभर झाली की शाफईंची असर लागली, म्हणजे साधारण पावणेचारला. दोन मीटर झाली की हनफींची, पाचच्या जरा पुढे.

डिसेंबरात हाच हिशोब चुकतो. तेव्हा भर दुपारीच मीटरच्या काठीची सावली ९० सेंटिमीटरच्या वर असते. ती मुळातली सावली आधी मिळवायची, मग एक किंवा दोन काठ्या मोजायच्या. हे विसरलं तर पावणेदोनच्या आतच असर लागल्यासारखी वाटते! नीट मोजलं तर शाफई असर डिसेंबरातही पावणेचारच्या आसपासच येते. हनफी मात्र साडेचारवर सरकते. म्हणजे दोन्हींतलं अंतर हिवाळ्यात पाऊण तास, मे महिन्यात सव्वा तासाच्या वर.

या शहरात ते अंतर रोज जगावं लागतं. कोकणी मुसलमान शाफई, उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी, आणि कामाची जागा एकच. असर लागली की जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजेची, वेळ संपते. म्हणून चार वाजता एकाची जोहर अजून बाकी असू शकते, शेजारच्याची तोवर कजा झालेली, म्हणजे वेळ टळलेली असते. कोकणी माणसाने हनफी मशिदीचा वेळांचा तक्ता बघून जोहर लांबवली की नेमकं हेच होतं. हनफी माणूस शाफई जमातीत (एकत्र नमाजेत) चारला उभा राहिला तर काय, हेही लोक विचारतात. इमाम अबू हनीफांचे दोन मोठे शागीर्द, अबू युसूफ आणि मुहम्मद, एका सावलीलाच असर मानतात. मक्केच्या हरममध्ये (मुख्य मशिदीत) हनफी हाजी त्याच वेळेच्या जमातीत नमाज पढतात. वेळेवरून सफ (नमाजेची रांग) मोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलवर वेळा चुकीच्या दिसल्या तर आधी दोन गोष्टी बघाव्यात: असरपुढे कोणता मजहब निवडलाय, आणि शहर कोणतं आहे. मुंबईचा तक्ता नागपुरात चालत नाही. तिथे जवाल, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळणं, २५ मिनिटं आधी होतो. घड्याळ देशभर एक, सूर्य नाही. मुंबईतसुद्धा जवाल नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ ला, तर फेब्रुवारीत १२:५३ ला. म्हणून एकाच महिन्याचा कागद वर्षभर भिंतीवर ठेवू नये. आणि फळ्यावर जोहरपुढे दीड लिहिलेलं असतं ती जमातीची वेळ. वक्त त्याच्या बराच आधी लागलेला असतो.

आज मगरिब (सूर्यास्ताची नमाज) ७ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास. उंच इमारतीत साठाव्या मजल्यावर, साधारण २०० मीटरवर राहणाऱ्यांना सूर्य दीड-दोन मिनिटं जास्त दिसतो. खालच्या मशिदीतून बांग ऐकू आली तरी खिडकीतून सूर्याची कड दिसत असेल, तर रोजा असलेल्याने खजूर हातात धरून तेवढं थांबावं.