खालच्या खणातली पानं

फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात हात घालायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तिथे कधीतरी मोठ्या उत्साहाने आणलेल्या लेट्यूसची पिशवी असते आणि बोटांना काय लागेल याचा नेम नसतो. एक तर पानांनी माना टाकलेल्या असतात, नाही तर पिशवीच्या तळाशी बुळबुळीत हिरवा लगदा झालेला असतो.

बरीच वर्षं दोन्हीवर माझा निकाल एकच होता: "गेलं, टाका." पण ही दुखणी वेगळी आहेत, नव्हे, अगदी उलटी आहेत. माना टाकलेलं पान तहानलेलं असतं; लगदा झालेलं बुडालेलं.

लेट्यूसमध्ये साधारण 95 टक्के पाणीच. ते पेशींमध्ये ठासून भरलेलं असतं म्हणून पान ताठ उभं राहतं. ते उडून गेलं की पान हवा गेलेल्या टायरसारखं बसतं. अशा पानांना थंडगार पाण्यात ठेवलं की पाणी पुन्हा पेशींत शिरतं. पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा मी भांड्यावर नजर लावून उभा होतो. काही म्हणता काही होईना. कंटाळून बाहेर गेलो, अर्ध्या तासाने आलो आणि एक पान उचलून मधल्या शिरेपाशी मोडलं. कट्कन आवाज! मघाशी हेच पान बोटाभोवती चिंधीसारखं गुंडाळता येत होतं.

लगद्याला मात्र औषध नाही. पानांवर ओल राहिली की जिवाणूंचं फावतं. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिनच ते विरघळवतात, आणि मग नासक्या आंब्याने आढी नासवावी तसं एक पान शेजारच्याला घेऊन बुडतं.

म्हणजे सगळी कसरत एवढीच: पाणी पानाच्या आत हवं, अंगावर नको. पूर्वी मी धुतलेली पानं सुती कापडात बांधून ते गाठोडं न्हाणीघरात गरगर फिरवायचो. पानं कोरडी व्हायची, भिंती आणि चष्मा ओला. आता सॅलड स्पिनर आहे, म्हणजे पानं आतल्या आत गरगर फिरवून पाणी झटकणारं भांडं. पानं निघाली की डब्यात. तळाशी एक कागदी नॅपकिन, वर एक, मग झाकण. उरलेसुरले थेंब कागद टिपतो आणि बंद डब्यातली हवा दमट राहते, त्यामुळे पानं सुकतही नाहीत.

"बाबा, हे अजून जिवंत आहे का?" मुलाने एकदा डब्यात डोकावून विचारलं होतं. आहे की! खुडल्यावरही पान श्वास घेत असतं, साठवलेली साखर खर्च करत असतं. थंडीत तो खर्च मंदावतो. म्हणून जास्त थंड ते जास्त चांगलं असं समजून मी एकदा डबा फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवून ठेवला. सकाळी पानं काचेसारखी आरपार, आणि बर्फ वितळल्यावर ओली चिंधी. बर्फाने पेशीच फोडल्या होत्या; तिथे थंड पाणी काय करणार? सफरचंदांचा शेजारही वाईट. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने लेट्यूसवर तपकिरी डाग पडतात.

जाणकार म्हणतात, पानं ऐन खाण्याच्या वेळीच धुवावीत. बरोबर आहे त्यांचं. ओलच नको म्हणजे भानगडच नको. पण रात्री भूक लागलेली असताना गड्डा सोडवून पानं धुणारा माणूस मी तरी आमच्या घरात पाहिलेला नाही. म्हणून मी आणल्या दिवशीच धुतो, पण नीट सुकवतो. पानं अख्खीच ठेवतो, कारण फाडलेल्या कडा लवकर काळपटतात. आणि डबा खालच्या खणात नाही, डोळ्यांसमोरच्या कप्प्यात. दमट हवेसाठी तो खण खास केलेला असतो, हे मान्य. पण ती सोय डब्यातच आहे, आणि खणात गेलेली वस्तू आमच्याकडे विस्मरणात जाते.

परवा रात्री डबा उघडला तर आत दोन ओलसर नॅपकिन. पान एकही नाही. कोणी, कधी, कशाबरोबर खाल्लं, काही पत्ता नाही.