उकडलेला बटाटा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेला प्रयोगशाळा अशी नव्हती, एक कपाट होतं. त्यामुळे विज्ञानाचे सर प्रयोगाचं निम्मं सामान बाजारातून आणायचे. नववीला परासरण, म्हणजे पडद्यातून पाणी दाट बाजूला ओढलं जाणं, शिकवताना त्यांनी दोन बटाटे आणले, एक कच्चा आणि एक उकडलेला. दोन्ही सोलले, वरून खोलगट कोरले, त्यात साखरेचं दाट पाणी घातलं आणि पाण्याच्या ताटलीत बसवले. दुसऱ्या दिवशी कच्च्या बटाट्यातलं पाणी काठापर्यंत चढलेलं. उकडलेल्यात काहीच नाही.

पुस्तकातल्या आकृतीत एकच बटाटा होता. दुसरा सरांच्या डोक्यातला, आणि माझ्या मते खरा धडा तोच. पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, शाबूत असतं तोवर पाणी त्यातून सहज जातं, साखर मात्र अडते. म्हणून पाणी साखरेच्या बाजूला ओढलं जातं. उकळलं की पटलाची वाट लागते. मग साखरही बाहेर झिरपते आणि ओढायला कुणी उरत नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘‘साखर अडते, तर पेशी खाते काय सर?’’ सर म्हणाले, ‘‘भिंतीतून जात नाही रे, दारातून जाते. दारं पुढे शिकाल.’’

पुढे नर्सिंगला ती दारं भेटली. ती प्रथिनांची असतात. पाण्यालासुद्धा स्वतःचं दार आहे. पीटर अ‍ॅग्रे यांनी ते ओळखलं आणि 2003 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही दारांना ऊर्जा मोजावी लागते : सोडियम-पोटॅशियमचा पंप दर खेपेला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. पण माझ्या रोजच्या कामाचं दार आतड्यातलं. तिथे ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली, ती याच जोरावर. जलसंजीवनीच्या पुडीत साखर चवीसाठी नसते, हे मला तेव्हा उमगलं.

पावसाळ्यात आमच्याकडे जुलाबाची पोरं येतात. एखादी आई सांगते, ‘‘अर्ध्या तांब्यातच पुडी घातली की वो सिस्टर, घट्ट केलं तर लवकर गुण येतोय.’’ मग तिला समजावते, की पाणी दाट झालं तर ते आतड्यातून शरीरात शिरायच्या ऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून आणतं आणि जुलाब वाढतात. एक लिटरची पुडी असेल तर एक लिटरच पाणी, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं. बाई मान हलवते. तिच्या तांब्यात किती मावतं ते मात्र मी मोजून दाखवते, कारण तांबे घरोघरी वेगळे.