शिक्का नसलेला वाडगा

इंग्लंडमधल्या एका लिलावघरात वस्तूंची यादी तयार करणं हे माझं काम. बीबीसीचा ‘बार्गेन हंट’ आमच्याकडे चित्रीकरणाला येतो तेव्हा प्रेक्षकांना दिसतो तो फक्त शेवटचा टप्पा. 2000 पासून दुपारी चालणारा हा खेळ साधा आहे: लाल आणि निळा असे दोन-दोन जणांचे संघ, प्रत्येकी 300 पाउंड, जुन्या वस्तूंच्या बाजारात एक तास आणि तीन वस्तूंची खरेदी. पुढे त्या वस्तू लिलावात जातात. राखीव किंमत नसते, त्यामुळे हातोडा पडेल त्या भावाला माल जातो.

त्या दिवशी निळ्या संघाचा एक वाडगा यादीत ‘पौर्वात्य, व्हाइट मेटल, उठावाची नक्षी, अंदाज 40 ते 60 पाउंड’ असा छापला होता. ‘व्हाइट मेटल’ म्हणजे नुसता पांढरा धातू, चांदी असल्याचा दावा नाही. संघानं त्याचे 120 मोजले होते. सकाळी मांडणी करताना मी तो उलटा केला. तळाला चांदीचा एकही इंग्लिश शिक्का नव्हता: चालता सिंह नाही, बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर नाही, लंडनच्या बिबट्याचं तोंडही नाही. पण अंगभर दाट वेलबुट्टी, वेलीच्या वळशांत इवली जनावरं आणि मागची जमीन बारीक ठशांनी भरून काढलेली. पुणे-मद्रासकडच्या जुन्या कामात देवदेवता उठून दिसतात. ही जनावरं आणि वेली कच्छच्या होत्या. भुजचे नामवंत चांदी कारागीर उमरसी मावजी यांचा ‘ओएम’ हा ठसा सापडला असता तर अंदाज कितीतरी वर गेला असता. मी भिंगानं सगळा तळ पाहिला. तो नव्हता.

कच्छमध्ये घडलेल्या भांड्यावर इंग्लिश शिक्का येणार कुठून? आणि इथल्या 1973च्या कायद्यानं 7.78 ग्रॅमपेक्षा जड वस्तू शिक्क्याविना ‘चांदी’ म्हणून विकता येत नाही. 1950च्या आधीच्या वस्तूंना सूट आहे, पण कस सिद्ध करावा लागतो. त्या खटपटीपेक्षा यादीत ‘व्हाइट मेटल’ लिहून मोकळं होणं सोपं, आणि चांगला माल स्वस्तात जातो तो याच दोन शब्दांमुळे. शोधणाऱ्यानं संगणकावर ‘चांदी’ टाकलं की असा लॉट, म्हणजे लिलावातली वस्तू, समोर येतच नाही.

वजन भरलं 310 ग्रॅम. मग क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं एक्सआरएफ यंत्र लावलं. एकाच जागी लावून भागत नाही, कारण त्याची नजर वरच्या पातळ थरापुरतीच असते आणि जाड मुलामा त्याला सहज फसवतो. म्हणून काठावर, आतल्या गुळगुळीत भागात आणि मुख्य म्हणजे झिजलेल्या बैठकीवर लावलं. मुलामा असता तर तिथं तांबं बोललं असतं. तिन्ही ठिकाणी चांदी 92 ते 94 टक्के आली. बैठकीचा डाग, म्हणजे झाळलेला जोड, जुनाच होता. एक नुकसान मात्र भरून येणारं नव्हतं. कुणीतरी वाडगा रासायनिक द्रावणात बुडवून चकचकीत केला होता. खाचांतला काळेपणा गेला की उठावाची सावली जाते, नक्षी सपाट दिसते आणि जाणकार हात आखडता घेतो.

वर्णनातली दुरुस्ती चिठ्ठीवर लिहून लिलावकर्त्याला दिली. त्यानं ती बोली सुरू करण्याआधी वाचली, पण ऑनलाइन ग्राहकांपैकी बरेच जण छापील यादी पाहूनच पुढे गेलेले असतात. तासाला शंभरेक लॉट जातात. एकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण मिनिट. बोली 60, 90, 120 करत गेली आणि हातोडा 140 वर पडला. पडद्यावर 20 पाउंड नफा. मला मनापासून आनंद झाला.

तो कार्यक्रम बघून धंद्यात उतरू पाहणाऱ्यांना मी पुढचं गणित मांडून दाखवतो. या खेळात लिलावघराचं कमिशन धरत नाहीत. एरवी विक्रेत्याचे 15 टक्के म्हणजे 21 पाउंड आणि त्यावर 20 टक्के व्हॅट म्हणजे 4.20 कापून हाती येतात 114.80. म्हणजे 120 ला घेतलेल्या वाडग्यात 5.20 तोटा. घेणाऱ्याला लिलावघराला वर द्यायचा 25 टक्के प्रीमियम आणि त्यावरचा व्हॅट मिळून तो पडला 182 ला. बाजारात वस्तू हातात धरून भाव करताना हा आकडा डोक्यात हवा: आमच्या दरानं 120 ची खरेदी नुसती भरून यायला हातोडा 147 च्या आसपास पडावा लागतो.

ग्राहक संध्याकाळी वाडगा न्यायला आला. आम्लरहित कागदात गुंडाळून दिला. वर्तमानपत्र आणि रबरबँड चांदीला लावू नयेत, दोन्हींनी डाग पडतात. पुन्हा द्रावणात बुडवू नका, मऊ कापडानं फक्त उंचवटे पुसा, असंही सांगितलं. खाचांत काळेपणा परत धरायला काही वर्षं जातील.