हावडा ते हावडा: कोलकात्यात एकटीने एक दिवस

कोलकात्यात एकच दिवस हाताशी असेल, तर व्हिक्टोरिया मेमोरियल, कालीघाट, दक्षिणेश्वर असं सगळं त्यात कोंबू नका. माझं मत सरळ आहे: तो दिवस उत्तर कोलकात्याला द्या. हुगळी नदीचा काठ, बागबाजार, मूर्तिकारांची कुमारटुली, टागोरांचं जोडासांको आणि पुस्तकांचा कॉलेज स्ट्रीट, बस्स. अंतरं थोडी आहेत, आणि एकटं असलं की कुठेही हवं तेवढं रेंगाळता येतं. मी डिसेंबरात नागपूरहून रेल्वेने गेले होते. या क्रमाने फिरलात तर दिवस हावडा स्टेशनवर सुरू होऊन तिथेच संपतो.

सामान क्लोकरूममध्ये ठेवा (बॅगेला कुलूप हवंच) आणि हावडा पूल चालत ओलांडा. १९४३ साली खुला झालेल्या या पुलाच्या मधल्या ४५७ मीटरच्या टप्प्यात नदीत एकही खांब नाही. सगळा सांगाडा रिव्हेटवर जोडलेला आहे, नटबोल्ट नाहीत. फूटपाथवरून डोक्यावर ओझं घेतलेले हमाल झपाझप येतात. त्यांना आधी वाट द्या, फोटो मग.

पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला पायऱ्या उतरलं की मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या जाडजूड माळांचे ढीग, निशिगंधाच्या जुड्या, कालीपूजेसाठी जास्वंदीच्या कळ्या. सूर्य वर यायच्या आत पोचलात तर खरा व्यवहार दिसतो. खाली चिखल आणि सडलेल्या पाकळ्या असतात, म्हणून बंद बूट घाला. मी इथे ठरवलं होतं त्याच्या दुप्पट वेळ थांबले आणि ते योग्यच झालं, कारण इतक्या लवकर फेरीबोट मिळतेच असं नाही.

फेरीसाठी पुलावरून परत हावड्याच्या धक्क्यावर या आणि बागबाजारची बोट विचारा. काही बोटी बागबाजारच्या अलीकडेच, अहिरीटोला किंवा शोभाबाजारला, थांबतात. तिकीट अगदी स्वस्त आहे, सुटे पैसे ठेवा. पुलाखालून जाताना त्याचा अजस्रपणा कळतो, तो वरून चालताना कळत नाही.

बागबाजारला उतरून चक्ररेल्वेचे रूळ ओलांडले की जुनी वस्ती सुरू होते: हिरव्या झडपांच्या खिडक्या, आणि दारासमोरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले म्हातारे. इथेच मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. मी नागपूरची, त्यामुळे ती पाहायचीच होती. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा १७४२ मध्ये इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठे शहरापर्यंत आलेही नाहीत. पुढे १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड केला. ‘बर्गी’ (मराठा घोडेस्वार) आले की काय होईल, ही भीती बंगाली अंगाईगीतातही उतरली आहे. गावं लुटली गेली, माणसं मेली, हेही खरंच आहे. गल्लीत पाहण्यासारखं काही नाही, पण नागपूरकराने तिथे पाच मिनिटं तरी उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

न्याहारी याच भागात करा. इथली कोचुरी पुरीसारखी फुगलेली असते, सोबत बटाट्याची पातळ भाजी. हिवाळ्यात खजुराच्या नव्या गुळाचा, म्हणजे नोलेन गुडाचा संदेश (छेन्याची बंगाली मिठाई) मिळतो. बाकी मिठाई वर्षभर आहे, त्यामुळे पोटात जागा राखायची ती यासाठी.

बागबाजारहून कुमारटुली चालत जा. बांबू, त्यावर सुतळीने आवळलेला पेंढा, त्यावर चिकणमाती, मग नदीचा मऊ गाळ, अशी मूर्ती चढत जाते. मुखवटा साच्यातून काढून धडावर बसवतात. गल्लीच्या दोन्ही बाजूंना बिनडोक्याचे पेंढ्याचे देह रांगेने उभे असतात. दुर्गापूजेच्या आधी दोन महिने इथे पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबर-जानेवारीत सरस्वतीच्या मूर्ती चालू असतात आणि कारागिरांना दोन शब्द बोलायला सवडही असते. कारखान्यात शिरण्याआधी विचारा. फोटोसाठी तिकीट मागितलं तर द्या, घासाघीस नको.

पुढे जोडासांकोला जायला शोभाबाजार-सुतानुटीहून गिरीश पार्कपर्यंत मेट्रोचं एकच स्टेशन आहे. एकट्या बाईने मधल्या गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन हिंडण्यापेक्षा मेट्रो घ्यावी. बाकी दिवसभरात मला कुठेही अवघडल्यासारखं झालं नाही.

जोडासांको ठाकूरबाडी, म्हणजे टागोरांचं घर, सोमवारी बंद असते. रवींद्रनाथ १८६१ मध्ये इथे जन्मले आणि १९४१ मध्ये इथेच गेले. माझा जास्त वेळ मात्र त्यांच्या एका थोरल्या भावाचा विचार करण्यात गेला. सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. नोकरी मुंबई इलाख्यात, साताऱ्यालाही ते न्यायाधीश होते. मराठी शिकून त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी यांनी मुंबईत पारशी बायकांची साडी पाहून नेसण्याची नवी पद्धत बंगालमध्ये रुजवली. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी तरुण रवींद्रनाथ इंग्रजी बोलण्याच्या सरावासाठी मुंबईत प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले. सकाळी खंदक आणि दुपारी हे घर, असा क्रम मुद्दाम ठेवा. मराठी आणि बंगाली माणसांच्या नात्याच्या दोन्ही बाजू त्यात येतात.

जेवण कॉलेज स्ट्रीटजवळच्या भवानी दत्त लेनमधल्या स्वाधीन भारत हिंदू हॉटेलात. हे जुनं ‘पाइस हॉटेल’ आहे: केळीचं पान, अनोळखी माणसांशेजारी बाक, प्रत्येक पदार्थाचे वेगळे पैसे. आज कोणता मासा आहे ते विचारा आणि मासा घेण्याआधी भाव विचारा. शाकाहारी असाल तर शुक्तो (किंचित कडवट मिश्रभाजी), डाळ, वांग्याचे काप आणि मिळाली तर आलू-पोस्तो (खसखशीतली बटाट्याची भाजी). दीडच्या आत पोचा, चांगले मासे लवकर संपतात.

मग पुस्तकं. फूटपाथवरच्या टपऱ्यांत अभ्यासाच्या पुस्तकांचाच भरणा आहे. जुनं काही हवं असेल तर चिकाटी लागते. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून ही फेरी मंगळवार ते शनिवार करा. दमलात की इंडियन कॉफी हाउसचा जिना चढा. ‘इन्फ्युजन’ म्हणजे बिनदुधाची कॉफी, ती घ्या. एकट्या माणसाच्या टेबलावर कुणीतरी येऊन बसतं, तशी इथली रीतच आहे. मला तर त्यातूनच पुढच्या खेपेच्या नाश्त्याचा पत्ता मिळाला.

डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास अंधारतं. आपल्याकडच्या हिशेबाने बेत आखला तर शेवटची ठिकाणं काळोखात जातात. ट्राम दिसली तर जरूर चढा. विजेवरची ट्राम इथे १९०२ पासून आहे, पण २०२४ मध्ये राज्य सरकारने एक छोटा मार्ग सोडून बाकी बंद करायचं जाहीर केलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्यामुळे गाडी पकडायची असताना तिच्यावर विसंबू नका. एम. जी. रोडहून मेट्रोने एस्प्लनेड, तिथे ग्रीन लाइन बदलून थेट हावडा. २०२४ मध्ये सुरू झालेला हा बोगदा हुगळीच्या तळाखालून जातो. हावडा मेट्रो स्टेशन फार खोल आहे. सरकते जिने चढून वर यायचं, क्लोकरूममधून बॅग सोडवायची आणि जुनं की नवं संकुल ते पाहून फलाट गाठायचा, याला अर्धा-पाऊण तास धरा.