कुत्र्या-मांजरांच्या घरातली हिरवळ : आमची वाटचाल

सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या पट्ट्यातून रोपं आणायची आणि पुण्यात विकायची, एवढाच सुरुवातीला आमचा धंदा होता. मी आणि माझी जाऊ, कोथरूडला भाड्याची जागा, वर शेडनेट. मोगरा, जास्वंद, मनी प्लांट, कोरफड. चार नर्सऱ्यांत मिळतं तेच आमच्याकडे.

2020 च्या टाळेबंदीनंतर गिऱ्हाईक बदललं. बाल्कनीत काहीतरी खायचं लावायची हौस आणि नुकतंच आणलेलं कुत्र्याचं पिल्लू किंवा मांजर, दोन्ही एकाच घरात दिसायला लागली. "ताई, हे मांजरानं खाल्लं तर?" हा प्रश्न रोजचा झाला. 'काही होत नाही हो' म्हणून रोप हातात ठेवणं आम्हा दोघींनाही जमेना.

मग एएसपीसीए या अमेरिकेतल्या प्राणिसंस्थेची विषारी-बिनविषारी वनस्पतींची यादी घेऊन आमचाच रॅक तपासायला बसलो. मनी प्लांट आणि कोरफड बाद, हे अपेक्षित होतं. पण पानओवा? ज्याची आपण भजी तळतो, तोही विषारीच्या रकान्यात! गवती चहा, पुदिनाही तिथेच. यांनी सहसा पोट बिघडतं, उलट्या-जुलाब होतात, जिवावर बेतत नाही. तरी 'निर्धोक' म्हणून विकायला मन धजेना. लसणाच्या पातीची गोष्ट मात्र गंभीर. कांदा-लसणाच्या कुळातलं काहीही कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं, मांजरांना तर थोडंसंही बाधतं, आणि शिजवल्यानं त्यातला दोष जात नाही.

चाळून उरलं ते कोथिंबीर, शेपू, बेसिल, थाईम, रोझमेरी आणि गव्हांकुर. त्याच्यावर वेगळा रॅक उभा केला. यादीत ज्याचं नावच नाही, त्या रोपाला आम्ही 'निर्धोक'ची हिरवी चिठ्ठी लावत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो, "आमच्या आजीकडे होतं, कुत्रा मजेत होता."

पण खरा घोळ पानांत नव्हताच, खतात होता. एरंडीची पेंड आपल्याकडे सर्रास मिळते. पाकिटावर ठळक 'सेंद्रिय' छापलेलं, म्हणून लोक निर्धास्त. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. पेंड नीट तापवलेली नसेल तर ते तसंच उरतं, आणि कुत्री ती पेंड आवडीनं खातात. बोनमीलचंही (हाडांच्या चुऱ्याचं खत) तेच, वासानं कुंडी उकरतात आणि खाल्लेल्याचा पोटात गोळा होतो. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर फारच वाईट, कुत्र्याला झटके येतात. हे तिन्ही आम्ही दुकानातून काढून टाकलं. आता माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत एवढंच मिश्रण देतो. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. काहींना ते पटत नाही, ते दुसरीकडे जातात.

लिलीही बंद केली. खऱ्या लिलीची पानं, फुलं, परागच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करू शकतं. फुलांच्या मोसमात त्याचा फटका बसतो, बसू दे.

कोथिंबिरीनं मात्र आम्हाला तारलं. धणे चपलेखाली हलक्या हातानं (की पायानं!) रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवून पसरट ट्रेत पेरायचे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. मांजराला मात्र भुसभुशीत माती म्हणजे आयतं शौचालय. त्यावर जाऊबाईंनी उपाय काढला: कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी कापून मातीवर आडवी अंथरायची. कोथिंबीर जाळीतून वर येते, मांजराला उकरता येत नाही. जाळीच्या कडा आत वळवायला विसरायचं नाही, नाहीतर पंजाला लागतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर येते, म्हणून तेव्हा ट्रे विकतच नाही, बेसिल घ्या म्हणतो. रोझमेरीचं उलट, तिला ऊन चालतं पण पावसात मुळं कुजतात. जून लागला की छपराखाली.

मध्ये रोप, कुंडी, माती असा एकत्र संच एका किमतीत काढला होता. रोपांना जीएसटी नाही, प्लास्टिकच्या कुंडीला आहे, आणि सगळं एका किमतीत बांधलं की त्यातला सर्वांत चढा दर पूर्ण संचाला लागतो. सीएंनी हे समजावल्यापासून बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहितो.

सध्या सगळ्यात जास्त खपतो तो गव्हांकुराचा ट्रे. मांजरं तो आठवड्याभरात फस्त करतात, म्हणून कोथरूड, कर्वेनगर भागात दर शनिवारी नवा पोचवतो आणि रिकामा परत आणतो.